पेटीतल्या कॅसेटी भंगारात देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम जय भीम.

गेल्या महिन्यात मोबाईलवर जॉन कोल्ट्रेन या अमेरिकेतल्या काळ्या जाझ सॅक्सोफोनवाल्याचं एक जुनं रेकॉर्डिंग हाती लागलं आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकूच वाटंना. 1961 च्या ऑगस्टमधे न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबात कोल्ट्रेन आणि त्याचा साथीदार एरिक डॉल्फी वाजवत होते, तिथल्या रिचर्ड अल्डरसन नावाच्या साउंडवाल्यानं नवीन सिस्टीम कशी चालते ते बघायला एक माइक टांगला आणि टेप चालू केला, एवढंच. ती टेप मग गायब झाली, सापडली ती थेट तिथल्या पब्लिक लायब्ररीत, आणि 2023 ला बाहेर आली. तोवर डॉल्फीला जाऊन जवळपास साठ वर्षं झालेली, 36 वर्षांचा असताना गेला बिचारा. एकाच माइकमुळं ड्रम मधेच सगळ्यांवर चढतो, पण डॉल्फी बेस क्लॅरिनेट घेतो (आपल्या बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटचा थोरला भाऊच समजा) तेव्हा माणूस रडतोय का भांडतोय तेच कळत नाही, अंगावर काटा येतो.

मग या काळ्या कलाकारांचं अजून शोधत गेलो. शिकागोतल्या काळ्या वादकांनी 1965 ला ए.ए.सी.एम. नावाची स्वतःची संस्था काढली, कारण क्लबवाल्यांच्या मर्जीचं नाही तर आपलं स्वतःचं वाजवायचं होतं, वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवायचेसुद्धा. त्यातूनच निघालेले आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो या बँडवाले आपल्या संगीताला 'ग्रेट ब्लॅक म्युझिक' म्हणायचे. हे वाचताना मला सारखे आपले आंबेडकरी जलसेच दिसत होते.

मग राहवलं नाही, मामांची पत्र्याची पेटी उघडली. एका कॅसेटवर त्यांच्या अक्षरात '14-1-94, चौक' लिहिलेलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची रात्र! सोळा वर्षांच्या लढ्यानंतर लोक रस्त्यावर आले होते आणि मामांनी पानटपरीच्या फळीवर टू-इन-वन ठेवून सगळं भरून घेतलं. पट्टीवर पांढरी बुरशी, पेन्सिल घालून हळूहळू फिरवली, तर ढोलकी ऐकू आली आणि मागं कुणीतरी बाई 'अगं पोराला धर' म्हणतीय. गाणारा कोण ते सांगायला मामा आता नाहीत.

एका सरकारी कार्यालयात ही कॅसेट घेऊन गेलो तर म्हणे पेनड्राइव्हमधे आणा. अहो, तेच तर करून पाहिजे ना!

संभाजीनगर आणि नांदेडच्या दोन्ही विद्यापीठांनी एकेक खोली, एकेक चांगला कॅसेट डेक आणि एक शिकलेलं पोरगं एवढं तरी द्यावं, आणि गाणारे म्हातारे आहेत तोवर त्यांना ऐकवून नावं लिहून घ्यावीत. तोपर्यंत परभणीत कुणाकडं जलशाच्या, भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी असतील तर फेकू नका. माझ्याकडं चालू टेपरेकॉर्डर आहे, मी रविवारी बसून कॉपी करून देतो, पैसे नकोत.

एक वाचक, परभणी