दिरहमचा भाव आणि बेसा रोडचा प्लॉट

शारजा,
23 नोव्हेंबर 2025

ती. बाबांना सा. नमस्कार,

फोनवर कर्ज काढून बेसा रोडचा प्लॉट घ्यायचा विषय निघाला की आवाज चढतो. तुमचाही, माझाही. म्हणून लिहून कळवतो.

तुम्ही म्हणता, पोराचा पगार चांगलाच वाढला, हप्ता झेपेल. बाबा, 2015 ला आलो तेव्हा मला 2200 दिरहम मिळायचे, आज 2600 मिळतात. तेव्हा एका दिरहमचे 17 रुपये 30 पैसे यायचे, आता 24 च्या आसपास येतात. 38 हजारांचे 62 हजार झाले खरे, पण जुन्या भावानं धरलं तर 2600 चे 45 हजारच होतात. म्हणजे वाढलेल्या 24 हजारांत माझ्या कामाचे 7 हजार. बाकीचे 17 हजार रुपया घसरला म्हणून. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, 3.6725 ला एक डॉलर. तो हलत नाही, हलतो आपला रुपया.

एक तारखेनंतर इथल्या रोला भागात, घरी पैसे पाठवायच्या एक्स्चेंजपुढे रांग लागते. आत शिरायच्या आधी जो तो बोर्डावरचा भाव बघतो. दहा पैसे चढले की माझा मलबारी रूममेट पाठीत थाप मारतो. उतरले की पोट्टे पैसे खिशात तसेच ठेवून चहा पिऊन परत. आपल्याच देशाचा पैसा पडला म्हणून खूश होणारे आम्हीच असू! आणि तोच पडलेला रुपया घेऊन तुम्ही इतवारीत तेलाचा डबा आणायला जाता. खाण्याचं तेल निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, डॉलर मोजून. मी पाठवलेल्यातलं थोडं असं तिथंच जिरतं.

प्लॉटचंही तेच. 2015 ला आईनं बघितला तेव्हा 9 लाख होता, आता 28 सांगतात. त्या लेआउटमध्ये आणखी तिघांची पोरं बाहेर आहेत, हे तुम्हीच सांगितलं. चार घरी बाहेरचा पैसा आला आणि चौघांना तोच कोपऱ्याचा प्लॉट पाहिजे, तर दलाल भाव कशाला उतरवेल? रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात 2023-24 मध्ये परदेशातून देशात 118.7 अब्ज डॉलर आले, पाचव्या हिश्श्याहून जरा जास्त एकट्या महाराष्ट्रात.

आजोबा भंडाऱ्याकडून एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर नागपूरला आले, मी आयटीआयची वायरमनकी घेऊन इकडे. आपल्या वरच्या मजल्याची स्लॅब घालायला बालाघाटचे मजूर आले होते, आठवते? माझ्या पैशातली त्यांची मजुरी त्यांच्या गावी गेली. काम असेल तिकडे माणूस जातो, त्यात वाईट काही नाही. फक्त माझा व्हिसा नोकरीला चिकटलेला आहे. 2020 मध्ये आमच्या खोलीतले सहापैकी तिघं महिन्याभरात घरी गेले. 15 वर्षांचा हप्ता त्या भरवशावर घेऊ नका.

बंटीला बाहेर नोकरीला पाठवायचे तो एजंट दीड लाख मागतो म्हणे. नोंदणी असलेल्या एजंटला 30 हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याला म्हणावं नोंदणी दाखव, पावती दे. बघा मग परत फोन करतो का.

आई म्हणाली गच्चीवरची टाकी गळते. आधी ती बदला. उद्या पैसे टाकतो, भाव काही का असेना.

तुमचा,
राजू