बाटली उलटी धरायला शिकवणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे गं" म्हणून चहा टाकायला उठता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. शेजारच्या आजोबांनी तळघरात जमवलेल्या जुन्या काचेच्या बाटल्यांचं अखेर मार्गी लागलं, आणि ते तुमच्यामुळे लागलं.

आजोबा मुलीकडे राहायला गेले तेव्हा जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून गेले. मुलीला ती सगळी अडगळ वाटत होती. जुन्या वस्तूंचा एक विक्रेता येऊन, दोन-चार खोकी उघडून, सगळ्यांचा मिळून एकच आकडा सांगून गेला होता आणि तिकडून होकार जायच्या बेतात होता. तेवढ्यात मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तुमच्याशी विषय निघाला. तुम्ही एवढंच विचारलंत, "बुडं बघितली का कुणी?"

वाचणाऱ्यांना सांगायला हवं की काकू तळेगावच्या. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून १९०८ साली उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना त्याच गावातला, आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात काम पाहणारे ईश्वरदास वार्ष्णेय अमेरिकेत शिकून आलेले. पुढे काकूंची नोकरी झाली ती न्यू जर्सीत व्हाइनलँडला, प्रयोगशाळांची काचेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात. आमचा हा दक्षिण न्यू जर्सीचा पट्टा म्हणजे अमेरिकन काचेचं माहेरघर. कास्पर विस्टरने सेलम काउंटीत १७३९ साली भट्टी पेटवली, कारण वाळू चांगली होती आणि जाळायला जंगल होतं. ग्लासबरो या गावाचं तर नावच काचेवरून पडलंय. इथे राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तुम्ही आलात, तळघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरलीत आणि एकेक बाटली उलटी करून बुडावरून अंगठा फिरवू लागलात. वरची अक्षरं वाचायचीच नाहीत असा दंडक. पॉन्टिलचा व्रण मला पहिल्यांदा दाखवलात तो अजून आठवतो. साच्यात बाटली फुंकून झाली तरी तोंड घडवायचं बाकी असायचं, आणि त्यासाठी गरम बाटली धरायची कशी हा प्रश्न. मग बुडाला गज, म्हणजेच पॉन्टिल, चिकटवायचा, फुंकनळी तोडून काढायची, तोंड करायचं आणि शेवटी झटका देऊन गजही मोडून घ्यायचा. तिथे जी खरखरीत खूण उरते तिला तुम्ही "बाटलीची बेंबी" म्हणालात. काही बाटल्यांवर व्रणाऐवजी तांबूस-काळसर लोखंडाचा डाग होता. त्या साधारण १८४० ते १८६० च्या दशकांतल्या. नंतर बाटली बाहेरून पकडणारा चिमटा आला आणि बुडं गुळगुळीत झाली. आणि साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या सांध्याची उमटलेली रेघ, मानेवरून चढत थेट तोंडाच्या कडेवरून पार गेली असेल, तर बाटली यंत्राची. टोलीडोच्या मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ चं, त्यामुळे तशी बाटली त्याच्या बरीच आधीची म्हणून कुणी विकत असेल तर सरळ उठून यायचं.

अक्षरांवर तुमचा एवढा राग का, ते मेसनच्या, म्हणजे फळं-भाज्या टिकवायच्या फिरकीच्या झाकणाच्या, बरण्या निघाल्या तेव्हा कळलं. प्रत्येकीवर ठसठशीत "३० नोव्हेंबर १८५८". मी हरखले. तुम्ही म्हणालात, ही पेटंटची तारीख आहे, बरणीची नव्हे. पुढे कित्येक दशकं ती तशीच छापत राहिले. मग ती घराच्या आकाराची ई. जी. बूझच्या व्हिस्कीची बाटली. छपरावर १८४०. मूळ बाटली ग्लासबरोच्या व्हिटनी कारखान्याची, पण तीसुद्धा १८६० च्या दशकातली. वर १९३० च्या दशकापासून शेजारच्या क्लेटनमध्ये क्लेव्हेंजर बंधूंनी तिच्या नकला तोंडाने फुंकूनच बनवल्या, त्यामुळे शिवणीचा नियमही तिथे हात टेकतो. तुम्ही ती उजेडात खूप वेळ फिरवलीत आणि "नक्कल, पण छान नक्कल" म्हणून बाजूला ठेवलीत. आजोबांना फोनवर सांगितलं तर ते हसले. त्यांना माहीत होतं!

आजोबांचा खरा जीव मात्र चपट्यांत. आपल्याकडे चपटी म्हटलं की कपाळावर आठी येते, पण इथे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या चपट्यांचे गट पाडलेत, मॅककिअरिन या अभ्यासकांच्या नावाने क्रमांक दिलेत: माणसांचे चेहरे पहिल्या गटात, गरुड दुसऱ्यात, रेल्वे पाचव्यात. मला गंमत वाटली ती चेहऱ्यांची. एका अंगाला वॉशिंग्टन, दुसऱ्या अंगाला गरुड, आणि आत व्हिस्की. आपल्याकडे कुणी एखाद्या राष्ट्रपुरुषाला दारूच्या बाटलीवर बसवलं असतं तर संध्याकाळपर्यंत मोर्चा निघाला असता. इथे ती देशभक्ती होती आणि जाहिरातही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफाएत १८२४ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर आला आणि बाटलीवर चढला. जनरल टेलर मेक्सिकोची लढाई गाजवून १८४८ च्या निवडणुकीला उभा राहिला, त्याच्या चपटीवर "कधीच शरण जात नाही" अशी घोषणा. फिलाडेल्फियाच्या डायॉटने तर कमाल केली. हा औषधं विकणारा, स्वतःला डॉक्टर म्हणवणारा गृहस्थ. केन्झिंग्टनला काचेचा कारखाना घेतला आणि एका बाजूला बेंजामिन फ्रँकलिन, दुसऱ्या बाजूला स्वतःचाच चेहरा अशी चपटी काढली. पुढे बँकही काढली, ती बुडाली आणि तुरुंगात गेला. आजच्या फ्लेक्सवाल्या पुढाऱ्यांना मी उगाच नावं ठेवत होते.

रेल्वेची चपटी तुम्ही माझ्या हातात दिलीत ती दोन्ही हातांनी. "सक्सेस टू द रेलरोड" असं कोरलेलं, आणि रुळांवरून गाडी ओढतोय घोडा, कारण अमेरिकेत इंजिनं तेव्हा नुकती कुठे येऊ लागली होती. विक्रेत्याने तिला इतर भंगारात धरलं होतं. त्या एकाच बाटलीला रीतसर लिलावात जी किंमत आली, ती त्याने सगळ्या खोक्यांसाठी सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघाली. आजोबांच्या औषधपाण्याची सोय झाली, हे तुम्हाला मुद्दाम कळवतेय.

बाकीही बरंच काही तुम्ही वाचवलंत. आतून दुधट झालेल्या बाटल्या मी घासायला घेणार होते; ती घाण नाही, जमिनीतल्या ओलाव्याने काचच झिजलीय, असं सांगून हात धरलात. जांभळ्या बाटल्यांचा ढीग तुम्हाला आवडला नाही. काच बिनरंगाची दिसावी म्हणून मँगनीज घालायचे आणि वर्षानुवर्षं उन्हात राहून ती फिकट जांभळी व्हायची, हे खरं; पण इतका गडद रंग किरणांचा मारा करून आणलेला असतो, असं तुमचं मत. मला त्या खिडकीत सुंदर दिसतात. या एका बाबतीत तुमचं ऐकणार नाही.

आणि जेनी लिंड. खेळ-तमाशे भरवणाऱ्या पी. टी. बार्नमने ज्या स्वीडिश गायिकेला १८५० साली अमेरिकेत आणलं, तिचा चेहरा असलेली ती भोपळ्याच्या आकाराची बाटली. लिलावाच्या यादीत ती मीच घातली होती. तुम्ही म्हणालात, आधी आजोबांना विचार. विचारलं. ती त्यांच्या बायकोने पहिल्या पगारातून घेतली होती. आता ती त्यांच्या पलंगाशेजारी आहे. मुलीने फोटो पाठवलाय, तो तुम्हाला पुढे पाठवते. अडगळ म्हणणारी तीच मुलगी आता मला बुडांचे फोटो मागते.

ज्यांचं मूळ गाव पक्कं ठरलं त्या बाटल्यांची यादी, तुमच्या सांगण्याप्रमाणे, मिलव्हिलच्या अमेरिकन काच संग्रहालयाला दाखवायला तयार केलीय. मराठीत केलेल्या तुमच्या टिपणांचं इंग्रजी करताना "बेंबी" मी तशीच ठेवणार होते, पण धीर झाला नाही.

एक खोकं गॅरेजमध्ये उघडायचं राहिलंय. वरवर साराटोगाच्या मिनरल वॉटरच्या हिरव्या बाटल्या दिसतायत, खाली काय आहे ते माहीत नाही. शनिवारी मी गाडी घेऊन येते. जेवायलाच या, भरली वांगी करते.

तुमची,
बाटलीवाली