पुस्तकातल्या जोड्यांवरून भांडणारी मुलं वाचतच असतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं होतं. जे कधी जन्मालाच आले नाहीत त्या पुस्तकांतल्या पात्रांची लग्नं कोणाशी व्हायला हवी होती यावर आजची मुलं तासन्‌तास वाद घालतात, तेवढ्या वेळात चार चांगली पुस्तकं वाचून होतील, असा त्या पत्राचा सूर होता. त्यांची कळकळ मला समजते. पण मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि गेली दोन वर्षं दर रविवारी चार वाजता सहकारनगरच्या माझ्या घरात हीच मुलं जमतात. त्यांचं भांडण मी स्वतःच्या कानांनी ऐकते, म्हणून लिहायला बसले.

मागच्या महिन्यात विषय होता ‘हॅरी पॉटर’च्या सात भागांतल्या हर्मायनीचा. हॅरी आणि रॉन हे तिचे दोन मित्र. तिने रॉनशी लग्न करावं की हॅरीशी? एका मुलाने फक्त सिनेमे पाहिले होते. रॉन सारखा खातो, घाबरतो, त्याच्यात आहे काय, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्याने २०१० च्या सिनेमातला तो तंबूतला नाच सांगितला. रॉन सोडून गेलाय, रेडिओवर गाणं लागतं आणि हॅरी तिला हात देऊन उठवतो. प्रसंग सुंदर आहे, मीही पाहिलाय. पण पुस्तकात तो नाही.

माझ्या नातीची मैत्रीण दहावीत आहे. ती काही न बोलता उठली आणि पिशवीतून तिसरा भाग काढला. जुन्या कॅलेंडरच्या कापून केलेल्या पंधरा-वीस चिठ्ठ्या त्यात लावलेल्या होत्या. तिने एक पान उघडून वाचायला सुरुवात केली. स्नेप हा शिक्षक वर्गात हर्मायनीला आगाऊ शहाणी म्हणून हिणवतो आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तिला आठवड्यातून दोनदा तरी तेच ऐकवणारा रॉन मोठ्याने म्हणतो की तुम्ही प्रश्न विचारला, तिला उत्तर येतं, ऐकायचंच नसेल तर विचारता कशाला? आणि शिक्षा ओढवून घेतो. सिनेमात त्याच जागी रॉन स्नेपची री ओढतो. मग तिने दुसरी चिठ्ठी काढली. सिरियस हॅरीला मारायला आलाय असं तिघांना वाटतं, तेव्हा मोडलेल्या पायावर उभा राहून रॉन त्याला सांगतो की हॅरीला मारायचं असेल तर आधी आम्हालाही मारावं लागेल. सिनेमात हे वाक्य हर्मायनीच्या तोंडी दिलंय.

शेवटची चिठ्ठी सातव्या भागातली होती. शाळेच्या किल्ल्यात लढाई पेटलेली असते. रॉनला एकदम आठवतं की स्वयंपाकघरात राबणारे एल्फ, म्हणजे जादूगारांचे बिनपगारी नोकर, तिथेच राहिलेत, त्यांना बाहेर पडायला सांगायला हवं, त्यांच्यातल्या डॉबीसारखं आणखी कोणी मरायला नको. हर्मायनीच्या हातातले राक्षसी सापाचे सुळे खाली पडतात आणि ती धावत जाऊन त्याला मिठी मारते. चौथ्या भागात हर्मायनीने याच एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढली होती आणि रॉनने तिची भरपूर टिंगल केली होती. “तेव्हा हसला होता, आता त्याला आपणहून आठवलं,” मुलगी म्हणाली, “म्हणून ती धावते.” सिनेमांनी ती संघटनेची गोष्ट गाळून टाकली. त्यामुळे तिथे तो प्रसंग दुसरीकडेच घडतो आणि असा लागतही नाही.

खोलीत कोणी बोललं नाही. तो मुलगा तिसरा भाग मागून घरी घेऊन गेला. पुढच्या रविवारी आला तो हॅरीचीच बाजू घेऊन, पण या वेळी पान काढून बोलत होता.

संपादक महाशय, ‘स्वभावविशेष लिहा’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं पेपरात काढला. उत्तरं मार्गदर्शकातून उतरवलेली असत. चौथ्या भागातलं हसणं आणि सातव्या भागातली आठवण यांची गाठ स्वतःहून बांधणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचितच भेटला. घरात दर रविवारी भेटतो, कारण त्याला भांडण जिंकायचं असतं.

लेखक म्हणेल तो शेवट, असंही मला वाटत नाही. २००५ मध्ये सहावा भाग आल्यावर लगेच झालेल्या लेखिका रोलिंगबाईंच्या मुलाखतीत हॅरी-हर्मायनीची जोडी मानणाऱ्यांना मुलाखत घेणाऱ्याने भ्रमिष्ट ठरवलं, आणि हजारो वाचक दुखावले गेले. २०१४ मध्ये खुद्द रोलिंगबाईंनीच सांगितलं की हर्मायनी आणि रॉनची जोडी आपण स्वतःच्या इच्छेपोटी जुळवली. म्हणजे भ्रमिष्ट कोणीच नव्हतं. माझ्याकडे एकच नियम आहे. समोरच्याला वेडा म्हणायचं नाही, पान दाखवायचं.

कोण मरावं आणि कोण जगावं, हा वाद तर याहून जिव्हारी लागतो. रॉनचे वडील पाचव्या भागात मरायचे होते, पण लेखिकेने त्यांना वाचवलं आणि त्याऐवजी शेवटी ल्युपिन आणि टाँक्स या नवरा-बायकोला, छोट्या टेडीच्या आई-बाबांना, मारलं, हे तिनेच २००७ मध्ये सांगितलं. हे कळलं त्या दिवशी आमच्यातली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. तिचे वडील करोनात गेले. मग म्हणाली, “रॉनचे बाबा वाचले ते बरं झालं. पण त्या टेडीचे आई-बाबा दोघं का?” यावर कोणापाशी उत्तर नव्हतं, माझ्यापाशीही नव्हतं. पण तिने ते विचारलं, आणि ते विचारायला तिला एक जागा होती.

सगळंच मला पटतं असं नाही. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा शेवटचा सीझन आला तेव्हा तो पुन्हा नव्याने लिहून काढा म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. माझ्या मुलाचीही सही होती. त्यातल्या डेनेरिस राणीचं काय झालं याबद्दल त्याला किती वाईट वाटलं ते मी पाहिलंय, तरी सह्यांनी शेवट बदलायला मागणं मला चुकीचं वाटतं. वाचकाने वाद घालावा, हवा तर स्वतःचा वेगळा शेवट लिहावा. दुसऱ्याचा खोडायला सांगू नये.

आणि स्वतःचा शेवट लिहिण्याची गोष्ट पुण्याला नवी आहे का? भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली, मूळचं काय आणि मागाहून शिरलेलं काय ते एकेका ओळीने ठरवलं. कर्ण धनुष्य उचलायला पुढे होतो आणि द्रौपदी भर सभेत ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुख्य संहितेत ते वाक्य नाही, थोड्याच हस्तलिखितांत मिळतं म्हणून ते तळटीपेत गेलं. कर्ण आणि द्रौपदी, हा आपल्याकडचा सर्वात जुना जोडीचा वाद! आपल्या लोककथेने तर तिच्या मनातला कर्ण जांभूळआख्यानात सांगून टाकला आणि विठ्ठल उमपांनी तो रंगमंचावर गाऊन घराघरांत पोचवला.

डेक्कन कॉलेजातल्या इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये केलं ते तर मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते. महाप्रस्थानात, म्हणजे पांडवांच्या शेवटच्या प्रवासात, द्रौपदी कोसळते. धर्मराज मागे वळूनही न पाहता सांगतो की तिचा ओढा अर्जुनाकडे अधिक होता. महाभारत तिथे पुढे निघून जातं. इरावतीबाईंचं मन निघालं नाही. इथवरचं महाभारतातलं, यापुढची माझी नरोटी (म्हणजे रिकामी करवंटी, माझी स्वतःची भर), असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि पुढचा प्रसंग स्वतः लिहिला. त्यांची द्रौपदी पडल्या पडल्या ओळखते की आपल्यावर जीव लावला तो भीमाने, आणि पुढच्या जन्मी पाचांतला थोरला हो म्हणून त्याला सांगते. १९६८ मध्ये या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मुलांना तो शब्द फार आवडला. आता वाद घालताना ती स्वतःच म्हणतात, “हे पुस्तकातलं, आणि ही माझी नरोटी.” कोणी सरमिसळ केली की बाकीची लगेच पकडतात. ‘कॅनन’ (मूळ पुस्तकातलं) आणि ‘फॅनफिक्शन’ (वाचकाने रचलेलं) हे शब्दही चालतातच, पण नरोटी आमची आहे.

आता गाऱ्हाणं. मुलं वाढली, घर पुरेना, म्हणून आमच्या भागातल्या एका वाचनालयाकडे रविवारी दोन तास खोली मागितली. ‘अभ्यासाचं काही असेल तर देऊ, असल्या गप्पांना नाही,’ असं उत्तर मिळालं. मी त्या चिठ्ठ्या लावलेल्या पुस्तकासकट पुन्हा जाऊन आले, पण त्यांनी ते उघडून पाहिलं नाही. ज्यांच्याकडे रविवारी रिकामी राहणारी खोली आहे, त्यांनी मुलं काय बोलतात ते एकदा बसून ऐकावं आणि मग ठरवावं, एवढीच विनंती.

आपल्या पुरवणीत नवा सिनेमा किंवा मालिका आली की नटनट्यांबद्दल भरपूर छापून येतं. त्यातला अर्धा रकाना महिन्यातून एकदा वाचकांच्या वादाला द्यावा. लिहिणाऱ्यांची नावं मी पाठवीन, वयं बारा ते एकोणीस.

येत्या रविवारी आमच्याकडे कर्णाचा विषय आहे. गेल्या आठवड्याच्या पत्रलेखकांनीही जरूर यावं. चहा असेल. येताना आपल्याला बोलायचंय त्या पानावर तेवढी खूण करून आणावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सहकारनगर, पुणे