स्कॅनवरून आधी किती कळतं

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, "ऑपरेशननंतर काय होणार ते कॉम्प्युटर आधीच सांगतो म्हणे, खरं का?" असं फोनवर विचारलंत. एका आजारापुरतं सांगते.

मुलांच्या लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असलेल्या मेंदूच्या भागात, मेड्युलोब्लास्टोमा नावाची कर्करोगाची गाठ होते. ती काढल्यावर 100 पैकी साधारण 25 मुलं एक-दोन दिवसांत बोलायचीच थांबतात. घसा ठीक असतो. लहान मेंदूतून थॅलॅमसकडे (मेंदूच्या मधल्या, निरोप पुढे पोहोचवणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या तंतूंना इजा झालेली असते. बोलणं काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परततं, पण बऱ्याचदा संथ आणि अडखळत.

गाठ मधोमध असेल, ब्रेनस्टेममध्ये (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात) शिरली असेल, तर धोका जास्त. हे ऑपरेशनआधीच्या एमआरआयवर दिसतं आणि मशीनला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या कॉम्प्युटरला, तेच शिकवायचं असतं. सगळे स्कॅन 1 मिमीच्या मापात आणायचे, गाठीची कड आखायची, मग मेंदूच्या प्रमाण नकाशावर बसवायचं. घोळ होतो तो इथे. गाठीने तंतू बाजूला ढकललेले असतात आणि सॉफ्टवेअर गाठीलाच निरोगी भाग समजून ओढूनताणून जुळवतं. म्हणून गाठ झाकून जुळवणी करायची, आणि तरीही प्रत्येक स्कॅन डोळ्यांनी तपासायचा. कंटाळवाणं काम, पण त्याला पर्याय नाही.

दुसरा घोळ असा: स्कॅन म्हणजे मेंदूच्या एकामागोमाग एक कापांची चित्रं. समजा एका रुग्णालयात 5 मिमी जाडीचे काप घेतात, दुसऱ्यात 1 मिमीचे, आणि अवघड केसेस दुसऱ्यात जातात. मग मशीन गाठ सोडून कापाची जाडीच ओळखायला शिकतं, आणि गुण मात्र भरघोस मिळवतं! एकाच मुलाचे स्कॅन शिकवणीत आणि चाचणीत दोन्हीकडे आले तर पेपर फुटलाच म्हणायचा. चाचणी तिसऱ्याच रुग्णालयाच्या स्कॅनवर घ्यावी.

बाबा, "इतके टक्के अचूक" वाचून हुरळू नका. "कुणालाच काही होणार नाही" असं डोळे मिटून सांगणारं मशीनही 100 पैकी 75 वेळा बरोबर ठरेल. समजा दुसरं एखादं 25 पैकी 20 जणांना पकडतं आणि उरलेल्या 75 पैकी 15 जणांना उगाच घाबरवतं. म्हणजे इशारा 35 जणांना, खरा 20 जणांच्या बाबतीत. त्यावरून ऑपरेशन टाळत नाहीत, गाठ काढावीच लागते. पण घरच्यांना आधी कल्पना देता येते, स्पीच थेरपिस्टची सोय लावून ठेवता येते, गिळायला त्रास होतोय का हे लगेच पाहता येतं.

आणि आई, हे मशीन मुलांच्या स्कॅनवर शिकलेलं असतं. मोठ्यांच्या गाठींना त्याचा आकडा लावू नये, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला तरी.

तुमची,
लेक