जुन्या लिओनबर्ग जिल्ह्याची गोष्ट मराठीत आणायचीये, हातभार लावा

नमस्कार मंडळी,

जर्मनीत श्टुटगार्टजवळ लिओनबर्ग, रेनिंगेन, वाइल डेर श्टाट, डिटझिंगेन, गेर्लिंगेन या पट्ट्यात राहणाऱ्या सगळ्या मराठी घरांसाठी, आणि इथे काही वर्षं काढून परत पुण्या-नाशिकला गेलेल्यांसाठी पण हा मेसेज आहे. मोठा झालाय, पण पूर्ण वाचा प्लीज, कारण पैसे मागायचेत आणि कशासाठी ते नीट न सांगता मागणं आम्हाला पटत नाही.

आपल्यातले बरेच जण नवी गाडी घेतली की हौसेने एलईओ नंबरप्लेट घेतात. एलईओ म्हणजे लिओनबर्ग जिल्ह्याची अक्षरं, पण तो जिल्हा आज अस्तित्वातच नाहीये. 1 जानेवारी 1973 ला तो बंद झाला. इथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य सरकारने तेव्हा 63 ग्रामीण जिल्ह्यांचे 35 केले, म्हणणं असं होतं की छोट्या जिल्ह्यांना हॉस्पिटलं, रस्ते, धंदेशिक्षणाच्या शाळा हे सगळं झेपत नाही, मोठा जिल्हा असला की कारभार स्वस्त आणि नीट होतो. हिशोबाने ते बरोबर असेलही. पण लिओनबर्गचे सरळ तीन वाटे झाले, खुद्द लिओनबर्ग, रेनिंगेन, रुटेसहाइम, वाइल डेर श्टाट गेलं बॉब्लिंगेनकडे, डिटझिंगेन, गेर्लिंगेन, हेमिंगेन, कोर्नटाल गेलं लुडविग्सबुर्गकडे, आणि हाइम्सहाइम, फ्रिओल्झहाइम, म्योन्सहाइम वगैरे गावं नव्या एन्झक्राइसमध्ये, म्हणजे त्यांची कामं आता फोर्टझहाइमला. नंबरप्लेट 2013 मध्ये परत मिळायला लागली, ती पण फक्त बॉब्लिंगेन जिल्ह्यात. चाळीस वर्षांनी लोकांनी ती परत मागून घेतली यावरूनच कळतं की लोकांच्या मनातून हा जिल्हा गेला नव्हता.

आणि हा काही 1938 साली कागदावर उमटलेला जिल्हा नव्हता. लांडक्राइस हे नाव तेव्हाचं, त्याआधी हेच ओबरआम्ट होतं, आपल्याकडे तालुक्याला मामलेदार तसा इथे ओबरआम्टमान बसायचा, आणि त्याच्याही आधी व्युर्टेंबर्गच्या काउंटांचं आणि ड्यूकांचं आम्ट होतं, ज्यावर फोग्ट नावाचा अधिकारी असायचा. 1457 साली गादीवर अज्ञान वारस होता तेव्हा राज्य कुणी सांभाळायचं हे ठरवायला सभा भरली ती लिओनबर्गमध्ये, आणि तिथे शहरांचे प्रतिनिधी पण बसले होते. व्युर्टेंबर्गच्या विधिमंडळाची सुरुवात ती धरतात. आपण शनिवारी जिथे भाजी घेऊन फिरतो त्या गावात हे झालंय.

सगळ्यात जास्त पानं आम्हाला कातारीना केपलरला द्यायचीयेत. योहानेस केपलर वाइल डेर श्टाटला 1571 साली जन्मला हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं, ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा तो. त्याची आई कातारीना, एल्टिंगेन तिचं माहेर, जे आता लिओनबर्गमध्येच आहे आणि जिथे आपली कितीतरी कुटुंबं राहतात. 1615 मध्ये लिओनबर्गच्या एका काचकाम करणाऱ्याच्या बायकोने, उर्सुला राइनबोल्डने, आरोप केला की कातारीनाने दिलेलं कडू पेय पिऊन मी आजारी पडले, ही चेटकीण आहे. फोग्ट होता लुटेरुस आइनहोर्न, त्याने ते प्रकरण दाबायचं सोडून वाढवलं. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या हातात केवढी सत्ता होती ते इथे दिसतं, एका माणसाने ठरवलं तर सत्तरी ओलांडलेल्या बाईला 1620 च्या ऑगस्टमध्ये रात्री लेकीच्या घरातून उचलून नेता येत होतं. सुमारे 14 महिने ती साखळीत होती, आधी लिओनबर्ग मग ग्युग्लिंगेन. केपलर लिंझहून स्वतः आला, आईचा बचाव त्याने स्वतः लिहून काढला, एकेक साक्ष खोडून काढली. शेवटी छळाची हत्यारं समोर मांडून तिला कबूल हो म्हणून सांगितलं, ती नाही म्हणाली तर नाहीच म्हणाली. 1621 च्या ऑक्टोबरमध्ये सुटली आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेली. केपलरचे तीन नियम आपण पाठ केले, या बाईचं नाव मात्र आपल्यातल्या बहुतेकांनी इथे येईपर्यंत ऐकलंच नव्हतं, आणि आम्हाला मनापासून वाटतं की आपल्या मुलींना ते कळायला पाहिजे.

दुसरी गोष्ट जड आहे पण टाळणार नाही. लिओनबर्गजवळचा जुना एंगेलबेर्ग बोगदा, 1938 चा, जर्मनीतला पहिला आउटोबान बोगदा. 1944 मध्ये तो गाड्यांसाठी बंद करून आत मेसरश्मिट 262 या जेट विमानाचे पंख बनवायला लावले, आणि ते बनवणारे होते नाझींच्या नाट्झवाइलर छळछावणीच्या इथल्या शाखेतले कैदी, युरोपभरच्या देशांतून आणलेले हजारो लोक. शेकडो इथेच मेले. बोगद्याच्या तोंडाशी त्यांची नावं कोरलेली भिंत आहे. आपण त्याच्या शेजारून रोज ऑफिसला जातो, एकदा मुलांना घेऊन तिथे थांबा.

आपल्याशी जोडलेला एक धागाही आहे. कोर्नटाल हे गाव 1819 साली पिएटिस्ट या भाविक प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी वसवलं, राजाने परवानगी दिली कारण नाहीतर हे लोक देश सोडून चालले होते. गेर्लिंगेनला जन्मलेला मिशनरी योहानेस रेबमान, ज्याने 1848 मध्ये किलिमांजारोचं बर्फ पाहिलं, तो वारला कोर्नटालमध्येच. अशाच पिएटिस्ट घरांतली व्युर्टेंबर्गची पुष्कळ मुलं बाझेल मिशनतर्फे आपल्याकडे आली, मुंबई इलाख्यातल्या धारवाड, हुबळी, बेटगेरी भागात, 1837 पासून, आणि त्या भागाला मिशनचे लोक दक्षिण मराठा मुलूखच म्हणायचे. शिवाय पेरूझ गावात 1699 ला येऊन राहिलेले वाल्डेन्सर पंथाचे निर्वासित आहेत, लिओनबर्गमध्ये 1684 पासूनचा घोड्यांचा बाजार आहे, तो दर फेब्रुवारीत भरतो आणि बरेच जण बघून आलाच असाल.

तर हे सगळं आम्हाला सोप्या मराठीत एका साधारण 60 पानी पुस्तिकेत आणायचंय, सोबत नकाशा, म्हणजे एस-6 लोकलने किंवा सायकलने त्या त्या जागी जाता येईल. अडचण ही की जिल्ह्याचे तीन वाटे झाले तसे कागदांचेही झाले. ओबरआम्टची जुनी दफ्तरं लुडविग्सबुर्गच्या सरकारी आर्काइव्हमध्ये, बाकीचं तीन जिल्ह्यांत आणि गावागावांत. 1852 साली सरकारने छापलेलं ओबरआम्टचं वर्णन मिळतं, त्यात गावनिहाय शेती, लोकसंख्या, पाणी सगळं आहे, पण जुन्या ठशात, आणि दफ्तरं तर जुन्या जर्मन हस्तलिपीत, ती आपल्यापैकी कुणाला सहज वाचता येत नाही. आणि घाई अशासाठी की 1972 मध्ये जे पंचविशीत त्या कचेरीत कामाला होते ते आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्याशी बोलून रेकॉर्ड करायचं तर ते आत्ताच.

पैसे लागणार आहेत स्कॅन, फोटो छापायची परवानगी, आणि छपाईसाठी. प्रत्येक घराने 20 युरो द्यावेत अशी विनंती आहे, विद्यार्थ्यांनी 5, जास्त दिले तर आनंदच, आणि ज्यांची नोकरी गेलीये किंवा ओढाताण चालू आहे त्यांनी काहीही देऊ नये, पुस्तिका त्यांनाही मिळेल. एक स्पष्ट सांगतो, आपल्या मंडळाला टॅक्स ऑफिसची लोकोपयोगी संस्था म्हणून मान्यता नाही त्यामुळे टॅक्ससाठी लागणारी देणगी पावती देता येणार नाही, हे मनात धरूनच पैसे पाठवा. प्रत्येक बिल ग्रुपवर टाकू, उरलेली रक्कम नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी पुस्तिकेच्या जास्तीच्या प्रती छापायला वापरू. पीडीएफ सगळ्यांना फुकट.

पैशांशिवाय पण मदत हवीये. शेजारी कुणी जर्मन आजी-आजोबा जुनी हस्तलिपी वाचणारे असतील तर ओळख करून द्या, चहाला आम्ही जाऊ. देवनागरी टाइप करणारे दोघं-तिघं, एक जण नकाशा काढणारा. आणि भारतातल्या मंडळींना खास विनंती, गेर्लिंगेनला बॉशचं मुख्यालय आलं तेव्हा ते गाव लिओनबर्ग जिल्ह्यातच होतं, तुमच्या घरातलं कुणी 1973 च्या आधी नाशिकच्या मायकोतून (बॉशची भारतातली कंपनी) किंवा दुसऱ्या कुठल्या कारखान्यातून या भागात ट्रेनिंगला आलं असेल तर त्यांचे फोटो, पत्रं, बसचं तिकीट, काहीही असू दे, मोबाइलवर फोटो काढून पाठवा, मूळ वस्तू तुमच्याकडेच ठेवा. फोटोत मागे एलईओ नंबरची गाडी दिसत असेल तर तो आम्ही मुखपृष्ठासाठी मागू.

खाते नंबर मंडळाच्या ग्रुपवर पिन केलाय. पैसे पाठवताना फेरवेंडुंग्सत्स्वेकच्या (पैसे कशासाठी) रकान्यात "पुस्तिका" आणि आपलं आडनाव रोमनमध्ये लिहा, नाहीतर कुणाचे आले ते शोधत बसावं लागतं. घोड्यांच्या बाजाराच्या आधी स्कॅनची ऑर्डर द्यायचीये, त्यामुळे जानेवारी संपायच्या आत पाठवलेत तर फार बरं होईल.

आपलं मराठी मंडळ, लिओनबर्ग परिसर