चित्र थांबले म्हणून स्नूपिंग बंद करू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॅमेऱ्यांचे किंवा थेट प्रक्षेपणाचे नेटवर्क उभारताना चित्र अडकू लागले की स्विचमधील, म्हणजे नेटवर्कची यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीतील, ‘आयजीएमपी स्नूपिंग’ ही चित्र फक्त मागणाऱ्याकडेच पाठवण्याची सोय सरळ बंद करून टाकली जाते. नेटवर्कच्या देखभालीचे काम करताना हा प्रकार वारंवार पाहण्यात येत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

एकच चित्र अनेकांना पाहायचे असते तेव्हा प्रत्येकाला वेगळी प्रत न पाठवता ते मल्टिकास्टने, म्हणजे २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणाऱ्या एखाद्या गटाच्या पत्त्यावर, एकदाच पाठवतात. हा पत्ता कोणत्याही एका यंत्राचा नसल्यामुळे तो कोणत्या पोर्टवर (स्विचच्या जोडणीच्या खाचेवर) आहे हे स्विचला नेहमीच्या रीतीने शिकता येत नाही आणि स्नूपिंग नसेल तर तो ते चित्र सर्वच पोर्टवर सोडून देतो. एका संस्थेत प्रत्येकी ४ मेगाबिटचे ४० कॅमेरे असे चालू होते. १६० मेगाबिटचा तो लोंढा १०० मेगाबिटच्या पोर्टवर जोडलेल्या प्रिंटरवरही आदळत होता आणि एक साधे पान छापून निघायला मिनिटे लागत होती. त्या बिचाऱ्या प्रिंटरने एकही चित्र मागितले नव्हते! स्नूपिंग चालू असले की यंत्रांनी गटात सामील होण्यासाठी पाठवलेले निरोप स्विच वाचतो, कोणत्या पोर्टने कोणता गट मागितला याची नोंद ठेवतो आणि मागणाऱ्याच्याच पोर्टवर चित्र पोहोचवतो.

मग चित्र अडकते कशामुळे? ही नोंद कायमची नसते. ‘कोणाला कोणता गट हवा आहे’ अशी विचारणा क्वेरिअरने (राउटर किंवा स्विचमधील विचारणा करणाऱ्या सोयीने) ठरावीक काळाने, प्रमाणित मांडणीनुसार दर १२५ सेकंदांनी, करायची असते आणि हे काम सहसा मल्टिकास्ट हाताळणारा राउटर करतो. तसा राउटर नसेल तर विचारणारे कोणीच उरत नाही, यंत्रेही आपणहून पुन्हा निरोप देत नाहीत आणि २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते. चार-सव्वाचार मिनिटे सुरळीत चालून चित्र थांबले, तर पहिला संशय याचाच घ्यावा. अशा वेळी स्नूपिंगला हात न लावता एखाद्या स्विचवर क्वेरिअर चालू केला की दोष जातो. त्यासाठी नवे यंत्र सहसा विकत घ्यावे लागत नाही.

नेटवर्क ताब्यात घेणाऱ्यांनी चित्र लावून निदान दहा मिनिटे तेथेच थांबावे आणि क्वेरिअर कोणत्या स्विचवर आहे, हे कंत्राटदाराकडून हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्यावे, एवढी विनंती.

आपला,
एक नेटवर्क अभियंता