कार्लाइलची पोरं

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या त्या खेळाच्या, मॅचचं तिकीट काढलंस, छान केलंस. नियम कळत नाहीत म्हणतेस, ते शेजारी बसलेलं कुणीही सांगेल. मला तुला एका संघाबद्दल सांगायचंय, कारण तू आता पेनसिल्व्हेनियात आहेस आणि त्या संघाची शाळा तुझ्याच राज्यात, कार्लाइल गावात होती. मी आयुष्यभर शाळेच्या मुलांना मैदानावर खेळवलं, पण दुसऱ्या कुठल्याच संघात माझा जीव इतका गुंतला नाही.

शाळेचं नाव कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. इथले इंडियन म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकींत ती सुरू केली. दूरदूरच्या जमातींची लेकरं आगगाडीने आणायची, आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचं, घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. त्यांच्यातला इंडियन मारून टाका आणि माणूस वाचवा, असं प्रॅट भर सभेत म्हणाला होता. ही खरं तर कॉलेजच्या दर्जाची शाळाही नव्हती, पण तिचा संघ हार्वर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी), आर्मी (लष्कराची अकादमी) यांच्याशी भिडायचा, तोही बहुतेक वेळा त्यांच्याच मैदानावर. मोठी गर्दी तिथे जमायची आणि तिकिटाच्या पैशातला वाटा कार्लाइलला मिळायचा. हे पैसे लक्षात ठेव, पुढे लागतील.

१९११ चा हंगाम घे. ११ नोव्हेंबरला हार्वर्डच्या स्टेडियममध्ये सामना होता. हार्वर्डचे कोच पर्सी हॉटन यांनी सुरुवातीला राखीव खेळाडूच उतरवले. मुख्य खेळाडूंची गरज पडणार नाही, असा त्यांचा हिशोब. कार्लाइलचा जिम थॉर्प, ओक्लाहोमातल्या सॅक अँड फॉक्स जमातीचा, दुखऱ्या पायाला पट्ट्या गुंडाळून उतरला होता. त्या काळी टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याला, ५ गुण, त्यानंतरच्या किकला १ आणि फील्ड गोलला, म्हणजे चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारण्याला, ३. थॉर्पने त्याच पायांवर चार फील्ड गोल मारले आणि संघाने एक टचडाउनही केलं. शेवटी हॉटनने मुख्य खेळाडू आणले, पण उशीर झाला होता. कार्लाइल १८, हार्वर्ड १५. पुढच्याच शनिवारी हा संघ सिरॅक्यूजकडून ११-१२ असा एका गुणाने हरला. बारा सामन्यांतली ती एकच हार.

१९१२ मध्ये थॉर्प स्टॉकहोम ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं घेऊन परतला आणि पुन्हा संघात आला. (ती पदकं पुढच्याच वर्षी काढून घेतली, कारण काय, तर आधी दोन उन्हाळे थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. तो एकटाच विजेता, हे मान्य व्हायला २०२२ साल उजाडलं. मला अजून राग येतो.) ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला, लष्कराच्या अकादमीशी सामना. वूंडेड नी या ठिकाणी अमेरिकेच्या लष्कराने लाकोटा जमातीच्या बायकापोरांवर गोळ्या चालवल्या, त्याला तेव्हा बावीस वर्षंही झाली नव्हती. समोर आर्मीच्या संघात होता ड्वाइट आयझेनहॉवर, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. कार्लाइलने खेळाडू दोन्ही बगलांना पसरून अशी मांडणी केली की चेंडू कोण नेणार हेच समोरच्यांना कळेना. निकाल २७-६.

सगळे थॉर्पचं नाव घेतात, घ्यायलाच हवं. पण माझ्या मनात घर केलंय ते क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू घेऊन डाव सुरू करणारा खेळाडू, गस वेल्चने. विस्कॉन्सिनचा, ओजिब्वे जमातीचा पोरगा. त्या काळी कोचने बाहेरून खेळ सांगायला बंदी होती, त्यामुळे पुढचा डाव कुठला हे मैदानात वेल्च ठरवायचा. आणि त्याचा खरा डाव मैदानाबाहेरचा होता. मुलांना धड जेवण नाही, मारहाण होते, आणि फुटबॉलचे पैसे जातात कुठे, असं विचारणारा अर्ज त्याने तयार केला आणि दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा केल्या. १९१४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, समिती कार्लाइलला आली. वेल्चने तिच्यासमोर आपल्याच कोचविरुद्ध, त्या नामवंत पॉप वॉर्नरविरुद्ध साक्ष दिली. शाळेचे प्रमुख मोझेस फ्रीडमन यांना जावं लागलं. वॉर्नरही १९१४ च्या हंगामानंतर पिट्सबर्गला गेले. १९१८ ला शाळाच बंद झाली.

हार्वर्डला हरवणं मोठंच, पण ज्याच्या हातात तुमचं जेवण आणि झोपायची जागा आहे त्याच्याविरुद्ध सही करायला त्याहून मोठं काळीज लागतं. त्या सह्या करणाऱ्यांत बरीच मुलं कधी मैदानात उतरली नसतील, त्यांची नावं कुठल्या स्कोअरकार्डात नाहीत. माझ्या लेखी तीही त्याच संघातली.

जमलं तर एखाद्या रविवारी कार्लाइलला जाऊन ये. ती जागा आता लष्कराच्या वॉर कॉलेजची आहे, तेव्हा आत जायचे नियम आधी विचारून घे. २०२४ च्या डिसेंबरात तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तिथे शाळेतच वारलेल्या मुलांच्या कबरी आहेत, आणि गेल्या काही वर्षांत काहींचे अवशेष त्यांच्या जमातींनी आपापल्या घरी नेले आहेत.

मॅच कशी झाली ते सविस्तर लिही. आणि तुमच्या संघात पुढचा डाव क्वार्टरबॅक स्वतः ठरवतो की कोच बाहेरून सांगतो, तेही नीट बघून कळव.

तुझे
बाबा